चांगला मेटल बँड बहुतेक वेळा मधल्या काळात मोडतो

मिरजेच्या एका गिटार वाजवणाऱ्या मुलाने विचारलं आहे: आमचा चौघांचा बँड आहे, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे, स्वतःची काही गाणी बसली आहेत. पण अ‍ॅन्व्हिल, डायमंड हेड अशा बँडांबद्दल वाचलं की धास्ती वाटते. इतकं तयारीचं वाजवूनही ते मागे का राहिले? आणि सांगली-मिरजेत बसून आमचं काय होणार?

मी बरीच वर्षं पुण्या-मुंबईत आणि बेंगळुरूत मेटल बँडांचा लाइव्ह साउंड केला. आता सांगलीत तालमीची खोली आणि छोटा स्टुडिओ चालवतो. बँड उभे राहताना आणि मोडताना जवळून पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नशीब नव्हतं, मार्केटिंग जमलं नाही, मेटलला श्रोतेच नाहीत, ही उत्तरं सगळीकडे मिळतात. त्यांत थोडंफार तथ्य आहे. पण वाजवण्यात कमी पडला म्हणून मोडलेला बँड मी क्वचितच पाहिला. पहिलं दमदार काम लोकांसमोर येतं, चार लोक नाव घ्यायला लागतात, आणि मग दुसरी संधी यायला वर्ष, दीड वर्ष, कधी चार वर्षं लागतात. त्या मधल्या काळात पैसा नसतो, कोणी विचारत नसतं, आणि घरचे विचारत असतात. बँड तिथे मोडतो. वादन कितीही तयारीचं असलं तरी त्या काळात बँड आपोआप तगत नाही. त्यासाठी वेगळी तजवीज लागते.

अ‍ॅन्व्हिलचंच बघ. कॅनडातल्या टोरांटोचा हा बँड. १९८१, १९८२ आणि १९८३ अशा सलग तीन वर्षांत त्यांचे तीन अल्बम आले, आणि त्या वेगाचं, त्या ताकदीचं वाजवणारे तेव्हा जगात मोजकेच होते. रॉब रायनरचं ड्रमिंग आजही ऐकून बघ. १९८४ मध्ये ते जपानच्या सुपर रॉक महोत्सवात स्कॉर्पियन्स, व्हाइटस्नेक आणि बॉन जोव्ही यांच्यासोबत वाजले. आणि पुढचा अल्बम कधी? १९८७. त्या चार वर्षांत मेटालिका या अमेरिकी बँडचे पहिले तीन अल्बम येऊन गेले, स्लेयर या दुसऱ्या बँडने १९८६ मध्ये वेगाची व्याख्याच बदलून टाकली. अ‍ॅन्व्हिल परत आले तेव्हा त्यांनीच उघडलेल्या वाटेवर दुसऱ्यांची गर्दी होती. २००८ मध्ये त्यांच्यावर माहितीपट आला, जगाला कळवळा आला, बँडला पुन्हा कामं मिळाली. पण ती चार वर्षं परत आली नाहीत.

आता याच्या उलट उदाहरण घे, कारण त्यातून जास्त शिकायला मिळतं. आयर्न मेडनचे १९८० ते १९८४ या पाच वर्षांत पाच अल्बम आले, दरवर्षी एक. आणि याच काळात त्यांनी गिटारिस्ट बदलला, गायक बदलला, ड्रमरही बदलला. १९८१ मध्ये ब्रूस डिकिन्सन आला तेव्हा जुना गायक आवडणारे लोक नाराज होतेच. एखाद्या बँडचा गायक गेला की आपल्याकडे बँड संपला असं धरतात. मेडन संपले नाहीत, कारण स्टीव्ह हॅरिस हा एक माणूस पहिल्यापासून गाणी लिहीत होता, बँड त्याने उभा केलेला होता, आणि १९७९ पासून रॉड स्मॉलवूड हा बुकिंगच्या धंद्यातून आलेला व्यवस्थापक बाहेरचं सगळं बघत होता. कोणी आला-गेला तरी पुढच्या वर्षीचा अल्बम आणि पुढच्या वर्षीचा दौरा ठरलेला असे. मधला काळ त्यांनी पडूच दिला नाही.

त्याच वर्षांत, त्याच इंग्लंडमध्ये, स्टाउरब्रिज गावात डायमंड हेड होते. त्यांचा गिटारिस्ट ब्रायन टॅटलर याची रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, लिहिण्याची ताकद मला मेडनच्या तोडीची वाटते, आणि हे मी विचार करून म्हणतो. १९८० मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपनीची वाट न बघता त्यांनी पहिला अल्बम स्वतःच काढला. कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात, हजारभर प्रती. व्यवस्थापन घरातूनच, गायक शॉन हॅरिसची आई आणि तिचा सहकारी असं बघत होते. माया भरपूर असणार, पण कोणत्या कंपनीशी कधी बोलायचं, दौऱ्यावर कोणाच्या आधी वाजायचं, हे धंद्यातल्या माणसाला कळतं तसं घरच्यांना कळेलच असं नाही. कंपनीचा करार झाला तोवर ब्रिटिश मेटलच्या त्या नव्या लाटेचा जोर ओसरत आला होता. १९८३ चा अल्बम आला तो एकदम वेगळ्या वळणाचा, त्यात सुरुवातीच्या बऱ्याच प्रतींची छपाई सदोष निघाली, सुई उडायची. १९८५ पर्यंत बँड संपला. मध्यंतरी लार्स उलरिक नावाचा एक पोरगा १९८१ मध्ये त्यांचं वाजवणं ऐकायला आला आणि त्यांच्याकडे राहूनही गेला. त्याच वर्षी त्याने मेटालिका उभा केला, आणि पुढे मेटालिकाने डायमंड हेडची गाणी जगभर वाजवली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घे. त्या गाण्यांवर हॅरिस आणि टॅटलर यांची नावं होती. त्यामुळे मेटालिकाने केलेल्या आवृत्त्यांची रॉयल्टी त्यांना मिळत राहिली. बँड गेला, पण गाण्यांची मालकी राहिली. तुमच्या चौघांत आज कोणाच्या नावावर काय आहे? बहुतेक काहीच लिहिलेलं नसणार. सगळं सगळ्यांचं, असं म्हणून चालू असणार. ते आत्ता गोड वाटतं. एखादं गाणं जाहिरातीत किंवा वेब सिरीजमध्ये गेलं की त्याच शब्दावरून मैत्र्या तुटतात, मी हे होताना पाहिलंय. एका कागदावर लिहा: चाल कोणाची, शब्द कोणाचे, टक्के किती, बँडचं नाव कोणाचं, सोडून जाणाऱ्याला काय मिळणार. चौघांच्या सह्या करा. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का केलाय, आणि १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था ती वसूल करून देते. पण तुमचं नाव गाण्यावर नोंदलेलं नसेल तर वसूल झालेला पैसा तुमच्यापर्यंत येणार कसा?

कंपनीच्या कराराबद्दल मुलांच्या डोक्यात फार गोंधळ असतो. आपल्या भागातल्या माणसाला तो एका शब्दात समजतो: उचल. ऊसतोडीची टोळी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते आणि मग ती फिटेपर्यंत तोडत राहते. कंपनीचा अ‍ॅडव्हान्स तसाच. समज, दहा लाख अ‍ॅडव्हान्स मिळाला आणि बँडचा वाटा १५ टक्के ठरला. अल्बमने चाळीस लाख कमावले तर तुमचा वाटा सहा लाख. तो तुमच्या हातात येत नाही, दहा लाखांच्या उचलीतून वजा होतो. कंपनीकडे पूर्ण चाळीस लाख आले आणि तुमच्या नावावर अजून चार लाख बाकी. वर स्टुडिओ, व्हिडिओ, दौऱ्याचा खर्च बऱ्याचदा याच खात्यात मांडतात. फरक एवढाच, की ही बाकी सहसा खिशातून परत मागत नाहीत. पण पुढचे अल्बम तुम्हाला तिथेच द्यावे लागतात आणि मूळ रेकॉर्डिंग कंपनीच्या मालकीचं राहतं. म्हणून टाळ्या वाजत असताना, पोस्टरवर नाव असताना, बँडमधला बेसिस्ट घरभाडं थकवून बसलेला असू शकतो. गाणं लिहिल्याची रॉयल्टी या उचलीपासून वेगळी ठेवता येते, आणि वेगळीच ठेवली पाहिजे. वरच्या कागदाचं महत्त्व इथे पुन्हा येतं.

स्ट्रीमिंगने हे फारसं बदललेलं नाही. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात. तुझं आठ मिनिटांचं गाणं आणि कोणाचं दोन मिनिटांचं गाणं, हिशोब एकच. २०२४ पासून वर्षभरात हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याला तिथे पैसेच मिळत नाहीत. तिथे गाणी ठेवा, लोकांना सापडायला हवीत. पण त्यावर घर चालेल असं धरू नका.

आता मेटलच का जास्त मोडतं, याकडे येतो. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात गाणं होतं. बाहेरगावचा गायक येतो, तबलजी दुसऱ्याच गावचा असतो, दोघं आधी भेटलेलेही नसतात, आणि मैफल रंगते. राग-तालाची चौकट दोघांकडे असते, बाकीचं तिथल्या तिथे घडतं. मेटलमध्ये जवळजवळ सगळं आधी ठरलेलं असतं. कुठल्या मात्रेवर गिटार आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकत्र बसायचे, कुठे चार मात्रांची शांतता, कुठे साताची घडी. हे चार शरीरांत मिळून मुरवावं लागतं. तालीम महिनाभर बंद पडली की सफाई जाते. आणि ड्रमर गेला तर? १८० च्या लयीवर डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी किक, चालवणारा माणूस सेकंदाला बारा ठोके मारत असतो, तेही समान ताकदीने, गाणंभर. असा दुसरा माणूस सांगलीत मिळायला वर्ष लागू शकतं. भावगीतांच्या वाद्यवृंदात बदली माणूस संध्याकाळी येऊन रात्री वाजवतो. मेटल बँडला ती सोय नाही. त्यामुळे मधल्या काळात जो तडा जातो तो भरून यायला इतर संगीतापेक्षा फार वेळ लागतो, आणि तो वेळच बँडकडे नसतो.

एक्झोडसचं उदाहरण यासाठी सांगण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात थ्रॅश, म्हणजे वेगवान आणि आक्रमक मेटल, घडवणाऱ्यांत ते पहिल्या फळीत होते. १९८३ मध्ये त्यांचा गिटारिस्ट कर्क हॅमेट मेटालिकात गेला. बँडने सावरून १९८४ मध्ये पहिला अल्बम रेकॉर्ड केला, पण तो बाहेर यायला १९८५ उजाडलं. तेवढ्यात मेटालिकाचे दोन अल्बम आले होते. चार मोठे थ्रॅश बँड म्हणून जी नावं घेतात त्यांत एक्झोडस नाही. पोरांनी वाजवण्यात कसूर केली नव्हती.

आणि कधीकधी बाहेरचंच काहीतरी येऊन आदळतं. फ्लोरिडाच्या सिनिक या बँडने, डेथ नावाच्या बँडच्या १९९१ च्या अल्बमवर वाजवलेल्या दोघांच्या जिवावर वेगळंच संगीत बांधलं होतं. १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळ आलं आणि पहिल्या अल्बमचं काम लांबलं. १९९३ मध्ये अल्बम आला, पुढच्या वर्षी बँड मोडला. बारा वर्षांनी, २००६ मध्ये, ते पुन्हा एकत्र आले तेव्हा त्या एका अल्बमवर वाढलेली पिढी त्यांची वाट बघत होती. आपल्याला हे परकं नाही. २०१९ च्या पुरात सांगलीत तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा कोणाचे अ‍ॅम्प, कोणाची हार्ड डिस्क गेली हे मला माहीत आहे. सामान वरच्या मजल्यावर ठेवा आणि रेकॉर्डिंगची एक प्रत गावाबाहेर, नातेवाइकांकडे ठेवा. अपघाताचंही तेच. अथिस्ट या बँडचा बेसिस्ट रॉजर पॅटरसन १९९१ मध्ये दौऱ्यावरून परतताना गाडीच्या अपघातात गेला. पुण्याचा शो संपवून, दिवसभर सामान उचललेल्या माणसाने रात्री गाडी चालवत खंबाटकी चढू नये. हडपसरला कोणाकडे तरी झोपा, सकाळी निघा. हे मी प्रत्येक बँडला सांगतो आणि तुलाही सांगतो.

साउंडबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण चांगल्या बँडचं नाव खराब करणारं हे कारण बँडला स्वतःला ऐकूच येत नाही. आपल्याकडे भाड्याने मिळणारी सिस्टिम बहुतेक डॉल्बीवाल्याची. ती मिरवणुकीसाठी बांधलेली, खालचा धमाका लांबवर ऐकू जावा म्हणून लावलेली. तिच्यावर डबल बेस टाकला की काय होतं? दोन ठोक्यांतलं अंतर सेकंदाच्या बाराव्या भागाएवढं, आणि सबचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) एक ठोका त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घुमतो. सगळे ठोके एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरते. त्यात गिटार ड्रॉप सी, म्हणजे नेहमीपेक्षा खालच्या सुरात, लावलेली असली तर तिची खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणजे किकच्याच जागेत. समोरच्याला रिफ कळत नाही. तो म्हणतो, पोरं नुसता आवाज करतात. तुम्ही मात्र स्टेजवर खूश.

सिस्टिमवाल्याशी भांडून उपयोग नाही. आपल्या हातात असलेलं करा. गिटारचा ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग काढून टाका, ती जागा बेसला आणि किकला द्या. मधला पट्टा, साधारण ५०० ते १५०० हर्ट्झ, अ‍ॅम्पवर खाली ओढू नका. खोलीत एकट्याने वाजवताना मधला पट्टा काढलेला टोन भव्य वाटतो, बँडमध्ये तोच टोन नाहीसा होतो. गेन तुला हवासा वाटतो त्याहून कमी ठेव. किकला गेट लावून तिची शेपूट छाटायला सांग आणि ३ ते ५ किलोहर्ट्झला थोडी टकटक वाढवायला सांग, म्हणजे ठोके सुटे ऐकू येतील. आणि एखादा साउंडचा नाद असलेला मित्र कायमचा बरोबर ठेवा. गाणी पाठ असलेला माणूस मिक्सरवर असला की निम्मं काम झालं. मी पाहिलेल्या टिकलेल्या बँडांजवळ असा पाचवा माणूस जवळजवळ नेहमी होता, आणि त्याला पैशात वाटा होता.

सांगलीचं काय, हा तुझा शेवटचा प्रश्न. गाव लहान आहे ही अडचण आहे, पण तू समजतोस तेवढी मोठी नाही. सेपुल्तुरा हा बँड ब्राझीलच्या बेलो होरिझोंतेचा. रिओ नाही, साओ पाउलो नाही. १९८४ मध्ये सुरुवात केली आणि १९८९ चा अल्बम परदेशी कंपनीने जगभर पोचवला. त्यांचं खरं खिंडार नंतर पडलं, १९९६ च्या शेवटी, व्यवस्थापक ठेवायची की नाही या वादात गायक मॅक्स कव्हालेरा बाहेर पडला तेव्हा. म्हणजे गावाने नाही, आतल्या व्यवहाराने. आपल्याकडे बेंगळुरूचा क्रिप्टोस १९९८ पासून वाजवतोय, बदल पचवून. दिल्लीच्या ब्लडीवूडने आधी यूट्यूबवर लोक जोडले, मग २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजवलं आणि २०२२ मध्ये अल्बम स्वतःच काढला. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा साहिल मखिजा बँडबरोबरच स्वयंपाकाचं यूट्यूब चॅनेल चालवतो. पोटाची सोय वेगळी केली की संगीतावर पोट भरायचं ओझं राहत नाही, आणि मधला काळ सोसता येतो. नोकरी धरणं म्हणजे हार मानणं असं जे म्हणतात ते मला अजिबात पटत नाही.

पुणं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, आणि मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने एका रात्रीत बेंगळुरू. देशातला सगळ्यात जाणता मेटल श्रोता तिथे आहे, २०१२ पासून बेंगळुरू ओपन एअर हा मेटल महोत्सव तिथे होतो. तिथल्या छोट्या शोमध्ये दुसऱ्या बँडच्या आधी अर्धा तास वाजवायला मिळालं तरी जा. इथे वर्षभर कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवून मिळणार नाही ते त्या अर्ध्या तासात मिळेल: अनोळखी माणूस तुमच्या गाण्याला मान हलवतो की नाही.

तुमचा मधला काळ कधी सुरू होणार हे तर आत्ताच दिसतंय. परीक्षा संपतील, जुलैत दोघं पुण्याला, कदाचित एक हैदराबादला, असं काहीतरी होईल. तेव्हा ‘दर शनिवारी येऊ’ असं सगळे म्हणतात, दिवाळीनंतर कोणी येत नाही. त्यापेक्षा तेव्हा काय काय ठरलेलं असेल ते आजच ठरवा. वर्षातून दोनदा, गणपतीनंतर आणि मे महिन्यात, सलग पाच-सहा दिवस एकत्र बसायचं. बाकी काळात गाणी फायलींवर पुढे सरकवायची. दरवर्षी चार गाणी बाहेर आलीच पाहिजेत, अल्बमची वाट बघायची नाही. पैशाचं एकच खातं, हिशोब एकाकडे, आणि तो हिशोब ठेवणारा शक्यतो गाणी लिहिणारा नसावा.

आणि ड्रमर जायच्या आधी सगळ्या गाण्यांचे ड्रम रेकॉर्ड करून घ्या, अर्धवट गाण्यांचेसुद्धा. क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) वाजवा, प्रत्येक गाण्याचा लयीचा नकाशा सेव्ह करा, माइकबरोबर ट्रिगरचाही (ड्रमवरचा ठोका टिपणाऱ्या सेन्सरचा) ट्रॅक घ्या म्हणजे किकचा आवाज नंतर बदलता येईल. गिटारचा टोन आत्ता ठरवत बसू नका. अ‍ॅम्पबरोबर कोरा डीआय, म्हणजे अ‍ॅम्पशिवाय थेट घेतलेला गिटारचा सिग्नल, घ्या, डावीकडे एक, उजवीकडे एक, दोन्ही वेगवेगळे वाजवून. वर्षभराने पुण्यातल्या खोलीत बसून तोच डीआय चांगल्या अ‍ॅम्पमधून पुन्हा काढता येतो. त्यासाठी ड्रमरला हैदराबादहून यायची गरज पडत नाही.